छतावरची रायफल: अमेरिकी नागरिक अर्धस्वयंचलित रायफल का बाळगतो?

#थ्रेड #इतिहास

१/
एप्रिल १९९२ची अखेर. लॉस एंजेलिस शहरातील कोरियाटाउन जळत होते. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय नागरिकाला बेदम मारहाण करणाऱ्या चार पोलिसांना ज्यूरीने २९ एप्रिलला जवळपास सर्व आरोपांतून मुक्त केले आणि संध्याकाळपर्यंत शहर पेटले. कोरियाटाउनमध्ये पोलीस दिसेनासे झाले. तेव्हा किराणा मालाची आणि कपड्यांची दुकाने चालवणारे कोरियन व्यापारी आपापल्या दुकानांच्या छतांवर चढले. त्यांच्या हातांत पिस्तुले होती, शॉटगन होत्या आणि अर्धस्वयंचलित रायफलीही होत्या.

२/
दूरचित्रवाणीवर जगाने पाहिलेल्या त्या दृश्यामागे एक जुना प्रश्न आहे. सैनिकाच्या शस्त्राशी नाते सांगणारी रायफल किराणा दुकानदार, शेतकरी किंवा शिक्षक आपल्या घरात का ठेवतो? अमेरिकेत या प्रश्नाची दोन उत्तरे सातत्याने दिली जातात: शिकार आणि संरक्षण. दोन्ही उत्तरे खरी आहेत. मात्र गेल्या सव्वाशे वर्षांत त्यांचे परस्परांतील वजन पालटले. ते कसे पालटले, याचा हा मागोवा.

३/
प्रथम यंत्र समजून घेऊ. जुन्या बोल्ट रायफलीत प्रत्येक गोळीनंतर खटका हाताने मागे ओढून रिकामी पुंगळी बाहेर काढावी लागते आणि नवे काडतूस आत ढकलावे लागते. अर्धस्वयंचलित रायफलीत हेच काम उडालेल्या गोळीचा धक्का किंवा नळीतील वायू करतो. तरीही चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते. दुसऱ्या गोळीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. मशीनगनमध्ये चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. कायद्याच्या दृष्टीने या दोहोंतील भेद फार महत्त्वाचा आहे.

४/
अमेरिकी बाजारात ही रायफल आली ती शिकाऱ्यासाठी. विंचेस्टर कंपनीने १९०३ साली लहान काडतुसाची अर्धस्वयंचलित रायफल विक्रीस आणली. तिचा उपयोग नेमबाजीसाठी आणि ससे-खारींसारख्या लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी होई. १९०६ साली रेमिंग्टनने जॉन ब्राउनिंग या प्रतिभावान रचनाकाराची रायफल बाजारात आणली. पुढे ती ‘मॉडेल ८’ या नावाने प्रसिद्ध झाली. हरीण आणि अस्वल लोळवू शकेल एवढी ताकद तिच्या काडतुसात होती. त्या वेळी अमेरिकी सैन्याच्या हाती मात्र बोल्ट रायफलच होती. अर्धस्वयंचलित रायफल सैनिकाआधी शिकाऱ्याकडे पोहोचली, हे आजच्या वादात बहुधा विसरले जाते.

५/
शिकाऱ्याला तिचे आकर्षण का वाटले? घनदाट झाडीत हरीण क्षणभर दिसते आणि नाहीसे होते. पहिली गोळी हुकली, किंवा त्याहून वाईट म्हणजे जनावर नुसते जखमी झाले, तर दुसरी गोळी तत्काळ हवी असते. बोल्ट ओढताना नजर निशाणावरून हलते. अर्धस्वयंचलित रायफलीत ती हलत नाही. शिवाय यंत्रणा धक्क्याचा काही भाग स्वतः शोषून घेत असल्याने खांद्याला बसणारा दणका सौम्य होतो. जखमी जनावराला तडफडत सोडू नये, ही शिकाऱ्यांची जुनी नीती आहे. तिच्या आधाराने या रायफलीचे समर्थन होऊ शकत होते.

६/
गंमत अशी, की तिला पहिला मोठा विरोधही शिकारीच्या नीतीतूनच झाला. तो काळ अमेरिकी वन्यजीवनाच्या संहाराचा होता. एके काळी आभाळ झाकोळून टाकणाऱ्या प्रवासी कबुतरांपैकी शेवटचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. विल्यम हॉर्नडे यांच्यासारखे संरक्षणवादी स्वयंभरणी बंदुकांवर तुटून पडले. शिकाऱ्याने प्राण्याला निसटण्याची संधी दिली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हरणांच्या शिकारीचे मोठे वेड असलेल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अर्धस्वयंचलित रायफलीने शिकार करण्यास सुमारे शतकभर मनाई राहिली.

७/
पुढचा टप्पा १९३४चा. दारूबंदीच्या काळातील टोळ्या आणि बँकलुटारू यांनी देश हैराण झाला होता. त्या वर्षी संसदेत आलेल्या विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात मशीनगनची व्याख्या फार व्यापक होती: पुन्हा न भरता १२ किंवा अधिक गोळ्या स्वयंचलित अथवा अर्धस्वयंचलित रीतीने झाडणारे कोणतेही शस्त्र. अंतिम कायद्यात ती आकसली. चापाच्या एका हालचालीने एकाहून अधिक गोळ्या सुटल्या, तरच मशीनगन. अशा शस्त्रावर २०० डॉलरचा कर आणि नोंदणी आली. अर्धस्वयंचलित रायफल या जाळ्यातून बाहेर राहिली. व्याख्येतील हा छोटासा बदल झाला नसता, तर पुढचा इतिहास कदाचित निराळा घडला असता.

८/
१९३६ साली अमेरिकी सैन्याने जॉन गॅरंड यांची एम-१ ही आठ गोळ्यांची अर्धस्वयंचलित रायफल स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकी नागरिकांनी सैन्यात सेवा केली. शेतावरून, गिरणीतून, शाळेतून उठून गेलेले हे तरुण परतले, तेव्हा अर्धस्वयंचलित यंत्रणा त्यांच्या हातांना सवयीची झाली होती. तिच्यासोबत एम-१ कार्बाइन नावाचे हलके शस्त्रही होते. युद्धकाळात त्याचे ६० लाखांहून अधिक नग तयार झाले. त्याचे वजन जेमतेम अडीच किलो आणि दणकाही अगदी सौम्य होता.

९/
युद्ध संपल्यावर या शस्त्रांचे काय झाले? त्यांतील बरीच सरकारनेच नागरिकांना विकली. नागरिकांनी नेमबाजी शिकावी, म्हणजे वेळ पडल्यास सैन्याला तयार माणसे मिळतील, या विचाराने १९०३ पासून एक सरकारी योजना चालू होती. तिच्यामार्फत १९६३ साली नॅशनल रायफल असोसिएशनच्या, म्हणजे एनआरएच्या, सदस्यांना एम-१ कार्बाइन २० डॉलरना मिळत असे. ‘युद्धाचे शस्त्र नागरिकाच्या घरी कसे?’ या प्रश्नाचे एक उत्तर असे, की ते काही अंशी शासनानेच तेथे पोहोचवले.

१०/
याच कार्बाइनने १९६४ साली एका छायाचित्रात निराळा अर्थ धारण केला. ‘एबनी’ मासिकात छापलेल्या त्या छायाचित्रात मॅल्कम एक्स खिडकीचा पडदा बाजूला सारून बाहेर पाहत आहेत आणि त्यांच्या हातात एम-१ कार्बाइन आहे. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. १४ फेब्रुवारी १९६५च्या पहाटे त्यांच्या घरावर पेटत्या बाटल्या फेकण्यात आल्या. त्यातून कुटुंब वाचले. परंतु पुढच्याच आठवड्यात, २१ फेब्रुवारीला, भाषणासाठी व्यासपीठावर उभे असताना त्यांची हत्या झाली. घरातली रायफल घराबाहेर कामी येणे शक्य नव्हते.

११/
मॅल्कम एक्स यात एकटे नव्हते. दक्षिणेकडील राज्यांत कु क्लक्स क्लॅनचे हल्ले होत आणि स्थानिक पोलीस बहुधा डोळेझाक करीत; कधी ते स्वतःच हल्लेखोरांत सामील असत. अशा परिस्थितीत १९६४ साली लुइझियाना राज्यातील जोन्सबरो गावात कृष्णवर्णीय कामगारांनी ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ ही सशस्त्र संघटना उभारली. नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांना आणि आपल्या वस्त्यांना ते पहारा देत. ‘पोलीस येणार नाहीत’ या जाणिवेतून शस्त्र उचलण्याची अमेरिकी परंपरा गोऱ्या उजव्या विचारांच्या लोकांपुरती कधीच नव्हती.

१२/
त्या परंपरेला राज्यकर्त्यांचा प्रतिसाद मात्र सर्वांसाठी सारखा नव्हता. २ मे १९६७ रोजी ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात शिरले. त्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी भरलेले शस्त्र उघडपणे बाळगण्यावर निर्बंध घालणाऱ्या कायद्यावर सही केली. संरक्षणासाठी शस्त्र हवे, हे म्हणणे कोण मांडतो यावर त्याचे स्वागत अवलंबून असते, याचा हा ठळक दाखला.

१३/
१९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या टपालाने मागवलेल्या रायफलीने झाली. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी गेले. त्याच वर्षीच्या शस्त्र नियंत्रण कायद्याने टपालाने बंदुका विकणे बंद केले आणि आयातीसाठी एक कसोटी ठरवली: शस्त्र ‘क्रीडाविषयक प्रयोजनां’साठी योग्य असावे. येथे क्रीडा म्हणजे मुख्यतः शिकार आणि नेमबाजी. त्यामुळे कायद्याच्या भाषेत निर्दोषपणाचे प्रमाणपत्र शिकारीला मिळाले. संरक्षणाचा या कसोटीत उल्लेखही नव्हता. पुढचा सारा वाद या शब्दाभोवती फिरत राहिला.

१४/
दरम्यान एका नव्या रायफलीचा जन्म झाला होता. कॅलिफोर्नियातील आर्मालाइट या छोट्या कंपनीत यूजीन स्टोनर यांनी पोलादाबरोबर ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक वापरून हलकी रायफल घडवली. तिचे नाव एआर-१५. ‘एआर’ ही अक्षरे आर्मालाइटच्या नावातून आलेली आहेत. कंपनीने १९५९ साली हे हक्क कोल्टला विकले. सैन्याने तिची स्वयंचलित आवृत्ती एम-१६ म्हणून घेतली, आणि कोल्टने १९६४ साली अर्धस्वयंचलित आवृत्ती ‘स्पोर्टर’ या नावाने नागरिकांपुढे आणली. जाहिरात शिकारी, रानात तंबू ठोकून राहणारे हौशी लोक आणि संग्राहक यांना उद्देशून होती.

१५/
शिकाऱ्यांनी प्रारंभी तिच्याकडे पाठ फिरवली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आणि निळसर पोलादी नळी यांवर प्रेम करणाऱ्या पिढीला ते काळे प्लास्टिक खेळण्यासारखे वाटले. तिचे बारीक काडतूसही हरणासाठी अपुरे मानले जाई. काही राज्यांत हरणांच्या शिकारीला त्याची परवानगीच नाही. पुढे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मूळ पेटंटची मुदत संपली आणि इतर कारखान्यांना तीच रचना बनवण्याची वाट मोकळी झाली.

१६/
त्याच सुमारास शस्त्रधारकांच्या राजकारणातही उलथापालथ झाली. १८७१ साली नेमबाजीच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या एनआरएचे नेतृत्व मुख्यालय कोलोरॅडोला हलवून शिकार आणि निसर्गभ्रमंती यांवर भर देण्याच्या बेतात होते. मे १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक अधिवेशनात हार्लन कार्टर यांच्या गटाने रातोरात सत्ता उलथवली. आता संघटनेचे केंद्र शिकार राहिले नाही. शस्त्र बाळगण्याचा घटनात्मक हक्क आणि स्वसंरक्षण हे तिचे ब्रीद झाले. १९८६ साली नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंदणी बंद झाली. त्यामुळे सैनिकी धाटणीची रायफल हवी असलेल्या बहुतेकांपुढे अर्धस्वयंचलित हाच पर्याय उरला.

१७/
१७ जानेवारी १९८९. कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन शहरात एका इसमाने अर्धस्वयंचलित रायफलीने शाळेच्या मैदानावर गोळीबार केला. आग्नेय आशियातून आलेल्या निर्वासित कुटुंबांतील पाच मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी अशा अनेक रायफलींची आयात रोखली. बुश स्वतः शिकारी आणि एनआरएचे आजीव सदस्य होते. बंदीला आधार होता १९६८च्या त्याच ‘क्रीडाविषयक प्रयोजना’चा: या रायफली शिकारीच्या कामाच्या नाहीत.

१८/
तीन वर्षांनी कोरियाटाउनच्या छतांवर जे घडले त्यात शिकारीचा संबंधच नव्हता. कोरियन भाषेतील नभोवाणीवरून मदतीची हाक गेली. सक्तीची सैनिकी सेवा केलेल्या अनेक पुरुषांना रायफल नवी नव्हती. काही दुकाने वाचली. तरीही दोन हजारांहून अधिक कोरियन मालकीच्या व्यवसायांचे नुकसान झाले. शहरात ६०हून अधिक लोक मरण पावले. त्यांत १८ वर्षांचा एक कोरियन-अमेरिकन तरुण होता. दुकानांच्या रक्षणासाठी तो आला होता आणि गोंधळात आपल्याच बाजूच्या गोळीला बळी पडला. त्याआधी वर्षभरापूर्वी एका कोरियन दुकानदारीणीने फळांच्या रसाच्या बाटलीवरून झालेल्या झटापटीनंतर लताशा हार्लिन्स या १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला पिस्तुलाने ठार केले होते, आणि तुरुंगवास टाळला होता. ‘छतावरचे रक्षक’ ही प्रतिमा पुढे गाजली; तिच्या कडेचे हे दोन मृत्यू तिच्यात क्वचितच दिसतात.

१९/
सप्टेंबर १९९४ मध्ये काही अर्धस्वयंचलित शस्त्रांवर आणि दहाहून अधिक गोळ्यांच्या मॅगझिनवर दहा वर्षांची संघीय बंदी आली. बंदी ठरवताना पिस्तुलासारखी मूठ, दुमडणारा दस्ता, संगीन लावण्याची सोय अशी वैशिष्ट्ये मोजली गेली. शिकारीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेकडो बंदुकांची सूट-यादीही कायद्याला जोडली होती. तिच्यात न दुमडणाऱ्या लाकडी दस्त्याची रूगर मिनी-१४ होती. तिचे काडतूस एआर-१५चेच आणि झाडण्याची पद्धतही तीच. टीकाकार म्हणाले, कायद्याने ताकदीऐवजी रूपाला बंदी घातली. समर्थक म्हणाले, मोठ्या मॅगझिनवरचा निर्बंध हाच त्यातील खरा गाभा आहे.

२०/
१३ सप्टेंबर २००४ रोजी ती बंदी संपली. इराक आणि अफगाणिस्तानातून परतणाऱ्या सैनिकांना याच घराण्यातील रायफल हाताळण्याची सवय होती. त्यांच्या आजोबांच्या बाबतीत गॅरंडने जे केले, तेच आता एआर-१५ने केले. २००९ साली शस्त्रउद्योगाच्या संघटनेने तिला ‘मॉडर्न स्पोर्टिंग रायफल’ हे नाव दिले. विरोधकांचा शब्द होता ‘असॉल्ट वेपन’. पहिल्या नावात शिकारीचे जुने प्रमाणपत्र होते आणि दुसऱ्यात रणांगण. २०२२ साली त्याच संघटनेने देशातील अशा रायफलींची संख्या २ कोटी ४० लाखांहून अधिक असल्याचा अंदाज दिला.

२१/
शिकारीचे कारण संपले होते असे नाही. त्याने नवे रूप घेतले. स्पॅनिश मोहिमांनी सोळाव्या शतकात आणलेल्या डुकरांचे रानटी वंशज आज किमान ३५ राज्यांत आहेत आणि त्यांची संख्या ६० लाखांच्या घरात मानली जाते. एका रात्रीत शेत उकरून टाकणारा कळप म्हणजे काय, हे कोकण-विदर्भातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पहिल्या गोळीच्या आवाजाने कळप उधळतो. मग पुढच्या गोळ्या झटपट हव्या असतात. टेक्सासने २०११ साली हेलिकॉप्टरमधून डुकरे मारण्यासही मुभा दिली. हलकी, कमी दणक्याची, रात्री पाहण्याची दुर्बीण सहज बसणारी एआर-१५ या कामाला चपखल बसली. अर्थात केवळ गोळ्यांनी डुकरे आटोक्यात येत नाहीत. संपूर्ण कळप पिंजऱ्यात पकडणे अधिक परिणामकारक ठरते.

२२/
संरक्षणाच्या बाजूने मालक कोणती कारणे सांगतात? खेड्यात पोलीस ठाणे दूर असते. खांद्याला टेकवलेल्या रायफलीचा नेम पिस्तुलापेक्षा स्थिर राहतो. कमी-अधिक लांबीचा दस्ता आणि सौम्य दणका यांमुळे घरातील लहान चणीची व्यक्तीही ती हाताळू शकते. आणि हल्लेखोर किती असतील हे आधी ठाऊक नसते. २००५ सालच्या कॅसल रॉक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की न्यायालयाचा संरक्षण-आदेश पोलिसांनी अंमलात आणावाच, असा घटनात्मक हक्क नागरिकाला नाही. त्या प्रकरणात पित्याने पळवून नेलेल्या तीन मुलींचा मृत्यू झाला होता. ‘पोलीस बांधील नाहीत, मग मीच माझा रक्षक’ हा युक्तिवाद त्यानंतर अधिक धारदार झाला.

२३/
या कारणांना उत्तरेही आहेत. रायफलीची गोळी घराची भिंत भेदून शेजारच्या खोलीत पोहोचू शकते. अडचणीच्या वेळी हाताशी असावे म्हणून भरून ठेवलेले शस्त्र मुलांच्या किंवा निराशेने ग्रासलेल्या माणसाच्याही हाताशी असते. हल्लेखोराशी गाठ पडणे विरळा. शस्त्र मात्र रोज घरात राहते. बहुतेक मालक बंदूक कधीही माणसावर न रोखता आयुष्य काढतात. तरीही घर रिकामे वाटू नये म्हणून ते ती ठेवतात. या भावनेला आकडेवारीने पुरते उत्तर मिळत नाही.

२४/
पुढे राज्यघटनेचा अर्थच या भावनेच्या बाजूने झुकला. १७९१च्या दुसऱ्या दुरुस्तीत ‘सुव्यवस्थित नागरी सैन्य’ आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क एकाच वाक्यात आहेत. २००८ साली हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, की हा हक्क व्यक्तीचा आहे आणि स्वसंरक्षण हा त्याचा गाभा आहे. तो खटला पिस्तुलाचा होता. परंतु १९६८ साली कायद्याने ज्या कारणाला कसोटीत जागा दिली नव्हती, ते आता घटनेच्या केंद्रस्थानी आले. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय अशा राज्यांनी एआर-१५सारख्या रायफलींवर घातलेल्या बंदीला याच आधारावर न्यायालयांत आव्हाने मिळाली.

२५/
भारतीय वाचकाला हे सारे अपरिचित वाटते, त्याचे कारण आपल्या इतिहासात आहे. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ साली आलेल्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवान्याच्या दारात उभे केले. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला, पण परवान्याचे तत्त्व राखले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे कारणही जवळपास संपवले. भारतात शस्त्र ही शासनाने दिलेली परवानगी ठरली. अमेरिकेत ती शासनापूर्वीची मालकी मानली गेली.

२६/
आता आकडे पाहू. १९९९च्या एका जनमत चाचणीत बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोकांनी शिकार हे मुख्य कारण सांगितले होते आणि २६ टक्के लोकांनी संरक्षण. २०२३च्या प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत ७२ टक्के लोकांनी संरक्षण हे एक प्रमुख कारण असल्याचे म्हटले. शिकारीला तो मान देणारे ३२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील प्रश्न सारखे नाहीत, म्हणून आकडे थेट वजा करता येत नाहीत. दिशा मात्र स्पष्ट दिसते. २०२२च्या एका सर्वेक्षणानुसार दर २० प्रौढांमागे सुमारे एकाकडे एआर-१५ धाटणीची रायफल आहे आणि तिच्या मालकांनीही संरक्षणालाच अग्रक्रम दिला.

२७/
या रायफलींनी किती माणसे मरतात? एफबीआयच्या २०१९च्या तक्त्यात १३,९२७ हत्या आहेत. त्यांतील ६,३६८ पिस्तुल-रिव्हॉल्व्हरने झाल्या आणि सर्व प्रकारच्या रायफली मिळून ३६४. मालक हा आकडा पुढे करतात. विरोधक नावे सांगतात: २०१२ साली सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे, २०१८ साली पार्कलँडमध्ये १७, २०२२ साली उवाल्डी येथे १९ मुले आणि २ शिक्षिका. तिन्ही ठिकाणी एआर-१५ धाटणीची रायफल होती. हलके वजन, सौम्य दणका, झटपट दुसरी गोळी: शिकाऱ्याला आणि घरमालकाला हवे असलेले गुणच मारेकऱ्याच्याही उपयोगी पडले.

२८/
टेक्सासमधील दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. नोव्हेंबर २०१७ मध्ये सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये एकाने अशाच रायफलीने २६ जणांचा बळी घेतला. चर्चजवळ राहणारा एक नागरिक स्वतःची एआर-१५ घेऊन अनवाणी धावला आणि त्याने मारेकऱ्याला जखमी करून पळवून लावले. मे २०२२ मध्ये उवाल्डीच्या शाळेत मारेकरी ७७ मिनिटे राहिला आणि तोवर तेथे ३७६ सशस्त्र अधिकारी जमले होते. आत रायफल आहे, हे त्यांच्यापैकी काहींच्या कचरण्याचे एक कारण होते. ‘पोलिसांवर विसंबू नका’ आणि ‘ही रायफल पोलिसांनाही थोपवते’, हे दोन्ही निष्कर्ष त्याच एका दिवसातून निघाले.

२९/
पेनसिल्व्हेनियाने २०१७ साली आपली जुनी मनाई सैल केली. लहान प्राणी आणि केसाळ कातडीसाठी मारले जाणारे प्राणी यांच्यासाठी अर्धस्वयंचलित रायफलीला परवानगी मिळाली. हरणासाठी मिळाली नाही. बदकांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत शॉटगनमध्ये तीनच काडतुसे असावीत, हा १९३५ पासूनचा संघीय नियमही चालू आहे. त्याच राज्यात घराच्या रक्षणासाठी ३० गोळ्यांच्या मॅगझिनची रायफल ठेवणे कायदेशीर आहे.

३०/
या विसंगतीचे मूळ दोन कारणांच्या स्वभावात आहे. शिकारीत माणसाला आपली गरज ठाऊक असते. एक हरीण, तीन काडतुसे, अमुक महिने अशी मर्यादा त्याने स्वतःहून घातली आणि शतकभर पाळली. संरक्षणात समोर कोण येईल, किती येतील, कधी येतील, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून तेथे मर्यादा कोठे आखावी, यावर एकमत होत नाही. १९०६च्या शिकाऱ्याने पाच गोळ्या पुरेशा मानल्या होत्या. १९९२च्या त्या रात्री छतावर उभ्या असलेल्या दुकानदाराला किती पुरेशा वाटल्या असत्या?